एरर नाही, पण नावंही नाहीत

मंडळी, आज ऑफिसात भलतंच कोडं पडलं. हडपसरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचा डेटा आम्ही नव्या डेटाबेसमध्ये भरतोय. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या शेड्युलरने डेटा भरायची स्क्रिप्ट चालवली, एकही एरर आली नाही, पण पेशंटांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. उद्या तिथे ऑपरेशनं आहेत.

तीच स्क्रिप्ट मी माझ्या लॉगिनवरून हाताने चालवली, तर नावं व्यवस्थित.

शेजारी बसणाऱ्या रुबिनाला बोलावलं. दोघांनी दोन्हीकडची सेटिंग्ज ताडून पाहिली.

ती म्हणाली, "अरे, भाषेचं सेटिंग तुझ्या लॉगिनला आहे. शेड्युलरला ते कोणी सांगितलंय?"

स्क्रिप्टमध्ये भाषेच्या सेटिंगची एक ओळ घातली, पुन्हा चालवली. पहिलंच नाव उमटलं, कौसल्या. हायसं वाटलं.

एरर नाही म्हणजे काम झालं असं धरायचं नसेल, तर तुम्ही खात्री कशी करता?