लाथ आणि नमस्कार

मूकपटातली विनोदी नटी म्हणून माझी कारकीर्द जर्मनीतल्या कोलोनमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संपायला आली. हसू नका! आमच्या जर्मनच्या क्लासला शिकवायला येणारी मुलगी फिल्मचं शिक्षण घेत होती. तिला जुन्या धर्तीचा, बिनआवाजाचा विनोदी सिनेमा करायचा होता. शब्द अडला की मी हातवाऱ्यांवर भागवते, ते बघून तिनं मला मोलकरणीचं काम दिलं. नवऱ्याच्या नोकरीपायी या देशात येऊन आठ वर्षं झाली होती. इथे मी कुणाची तरी बायको होते, कुणाची तरी आई होते. हे काम मात्र माझं एकटीचं होतं, आणि ते मला काही केल्या घालवायचं नव्हतं.

प्रसंग सोपा होता. माझे मालक, म्हणजे सत्तरीचे एक हौशी जर्मन आजोबा, वाकून दाराच्या फटीतून डोकावतात. मी मागून लाथ घालते, ते पिठाच्या घमेल्यात पडतात. मी लाथ घातली, आणि माझा हात आपसूक त्यांच्या पाठीला लागून कपाळाला गेला! कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, त्याला मी काय करू? दहा वेळा लाथ, दहा वेळा नमस्कार. "अगं, मोलकरीण चिडलीये, पूजा करत नाहीये," दिग्दर्शिका वैतागली. शनिवारी जमलं नाही तर दुसरी बाई घेईन, हेही तिनं सांगून टाकलं.

मग आठवडाभर घरी तालीम. "अरे, जरा वाक ना!" म्हटलं की नवरा लॅपटॉप ठेवून मुकाट वाकायचा. पहिले दोन दिवस त्यालाही नमस्कार घडले. "लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा मान मिळतोय," म्हणाला मेला. गुरुवारपर्यंत मात्र माझी लाथ अगदी कोरडी झाली.

शनिवारी पहिल्याच झटक्यात आजोबा पिठात आणि माझे हात कमरेवर! मी ऐटीत वळून बघते, तर दिग्दर्शिकाबाईंचं तोंड उतरलेलं. "नमस्कार कुठे गेला?" आठवडाभर तिनं पहिल्या दिवशीचे नमस्काराचे तुकडे पुन्हा पुन्हा बघितले होते आणि पोट धरून हसली होती. आता तिला तोच हवा होता. म्हटलं, घे! पण मुद्दाम केलेला नमस्कार डास मारल्यासारखा दिसायला लागला. सहा वेळा केला. शेवटी ती म्हणाली, "हे बघ, एकदाच अजून. नाहीतर मी दुसरीलाच विचारते."

माझं डोकंच सणकलं. मरमर करून जे विसरले, ते आता हवंय होय? त्या रागात जी लाथ घातली, ती सणसणीत बसली. आजोबा घमेल्यासकट पलीकडे आडवे. "अगं बाई!" मी धावले आणि त्यांच्या पाठीला, हाताला, पायाला, मिळेल तिथे हात लावून नमस्कार करत सुटले. "चुकलं हो काका, चुकलं!" तेही मराठीत, डोळ्यांत पाणी. कॅमेरा चालू होता, याचं भान कुणाला?

आजोबा उठून बसले. भुवया, मिशा, सगळं पिठानं माखलेलं. काम गेलं, असं मी मनाशी धरलंच होतं. त्यांनी तोंडातलं पीठ थुंकलं, दिग्दर्शिकेकडे वळले आणि म्हणाले, "दुसरी कोणी आणलीस, तर तिची लाथ मी खाणार नाही."