कालोलाईने आणि न फिरणारं मशीन

दक्षिण समुद्रातल्या हापाईच्या बेटावरच्या दवाखान्यात कालोलाईने सव्वीस वर्षं कपडे धूत होती. त्यातली पहिली चौदा वर्षं सिमेंटच्या हौदात, हातांनी. बाळंतिणींच्या चादरी, डॉक्टरांचे हिरवे झगे, रोग्यांची ब्लँकेटं, सगळं तिच्या मनगटांतून पिळून निघालं होतं. शेवटी शेवटी मनगटांची अशी दशा झाली की नारळ खवायला बसली तरी डोळ्यांत पाणी यायचं. मग न्यूझीलंडच्या कुठल्याशा दवाखान्यानं वापरून झालेलं एक भलंमोठं फ्रंट लोड मशीन बोटीनं पाठवलं. पहिल्या दिवशी ती खुर्ची टाकून त्याच्या गोल काचेसमोर दोन तास बसून राहिली.

"चर्चमध्येसुद्धा इतकी एकटक बघत नाहीस तू, वहिनी," सोसेफो तेव्हा म्हणाला होता.

सोसेफो तिचा धाकटा दीर, दवाखान्याची अँब्युलन्स चालवणारा. तिचा नवरा दरवर्षी सात महिने ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जायचा, आणि त्याच्या वाटणीची थट्टा-मस्करी मागे सोसेफो इमानेइतबारे करायचा.

त्या शुक्रवारी पावसाला चौथा दिवस होता. सोमवारी ऑकलंडहून डोळ्यांचे डॉक्टर येणार होते. मोतीबिंदूवाले त्रेचाळीस जण यादीत होते, कोणी दूरच्या छोट्या बेटांवरून होडीनं येणारे, कोणी दोन वर्षं वाट बघत बसलेले. प्रत्येकासाठी झाकायचं कापड वेगळं, चादर वेगळी, डॉक्टर-नर्सचे झगे वेगळे. कपाटातला सगळा साठा दमट हवेनं कुबट वास मारत होता, म्हणून मेट्रनबाईंनी सगळंच्या सगळं पुन्हा धुवायला काढलं होतं.

कालोलाईनेनं पहिला घाणा लावला. मशीननं पाणी घेतलं, डुलत डुलत कपडे घोळले, पाणी सोडलं. आणि जिथं एरवी विमान उडाल्यासारखा आवाज चढायचा तिथं नुसतं "हं" केलं आणि थांबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. दार उघडलं तर कपडे नुसते निथळत होते.

ती घाबरली नाही. ओझं एका बाजूला गोळा झालं की मशीन रुसतं हे तिला ठाऊक होतं. तिनं दोन जड ब्लँकेटं उपसून काढली, उरलेलं मोकळं करून पसरलं आणि पुन्हा लावलं. हं, आणि थांबलं. मग पाण्याची शंका घेतली. पाणी पुरतं गेलं नाही तरी ते फिरत नाही. खालचं छोटं दार उघडून तिनं जाळी काढली. आत बँडेजच्या दोन पिना, एक बटण, शिंपल्याचा तुकडा आणि एक सोन्याचा मुलामा दिलेला दात निघाला. दात तिनं कुणी विचारत आलं तर म्हणून खिडकीत ठेवला. जाळी स्वच्छ झाली, पाणी भळभळ वाहून गेलं. मागची नळी कुठं मुडपलीय का तेही पाहिलं. तरीही तेच. हं.

एव्हाना मेट्रन आनासेइनी दारात येऊन उभ्या होत्या. बाई उंच, धिप्पाड आणि वेळेच्या पक्क्या. त्यांनी तिथूनच राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या मेकॅनिकला फोन लावला.

"ड्रम हळू फिरतो, पण पिळायच्या वेळी थांबतो?" पलीकडून आवाज आला. "मोटर गेली. नवीन मागवावी लागेल. महिना धरा. दीड धरा."

"आम्हाला सोमवारी पाहिजे."

"मग प्रार्थना करा, मेट्रन."

बाईंनी फोन ठेवला. बाहेर पाऊस ओतत होता. हातांनी पिळलेलं कापड या हवेत तीन दिवसांत वाळलं नसतं, आणि ओलं कापड जंतू मारायच्या वाफेच्या डब्यात घालून चालत नाही.

"उद्या दुपारी बारापर्यंत डॉक्टरांना कळवायला हवं," मेट्रन म्हणाल्या. "मग ते वावाऊ बेटावर जातील. आपली पाळी पुढच्या वर्षी."

"मग बारापर्यंत थांबा," कालोलाईने म्हणाली.

"कशासाठी?"

"मोटर जळली असती तर वास आला असता. सव्वीस वर्षांत या खोलीतला एक वास माझ्या नाकातून सुटलेला नाही, बाई. मला बघू तर द्या."

मेट्रननं तिच्याकडे नीट पाहिलं. "कोणी शिकवलंय तुला मोटरचं?"

"माझ्या बापानं. बेटाबेटांत फिरणाऱ्या बोटीवर इंजिनाचं बघायचा तो. आम्ही पाच पोरी, मुलगा नाही. मग बॅटरी धरायला कोण? मी."

"बारा म्हणजे बारा," एवढंच बोलून मेट्रन गेल्या.

कालोलाईनेनं कमरेची विणलेली कियेकिये सोडून खुंटीला लावली. सोसेफोला हाक मारली. प्लग काढला, आणि आत साठलेली वीज उतरायला वेळ जावा म्हणून दोघांनी उकडलेला मन्योकचा कंद खाऊन घेतला. मग मशीन ओढून भिंतीपासून लांब केलं आणि मागचा पत्रा उघडला. पट्टा जागेवर होता, ताठ. तिनं हातानं ड्रम फिरवला, तो लोण्यासारखा फिरला.

"झालं! सगळं ठीक आहे," सोसेफो म्हणाला. "आता पत्रा लावू आणि मशीनला सांगू की तुला काही झालेलं नाही."

"तुझ्या अँब्युलन्सला तू असंच सांगत असशील. म्हणून ती उतारावरच चालू होते. पाना दे."

मोटर खाली उतरवली. तिच्या दोन्ही बाजूंना छोटी खोकी होती. त्यातलं एक उघडताच कालोलाईनेच्या तोंडावर हसू पसरलं. आतून काळ्या कोळशाचा एक तुकडा निघाला, नखाएवढा. दुसरा तर त्याहून झिजलेला, वर तिरपा अडकलेला.

"कार्बन," ती म्हणाली. "यांतून वीज आतल्या फिरत्या भागात जाते. घासून घासून संपलेत. हळू फिरवण्यापुरते टेकतात, जोर लावायची वेळ आली की सुटतात."

"म्हणजे मोटर गेली नाही?"

"मोटर ठणठणीत आहे. चपला झिजल्यात तिच्या."

बेटावरच्या दुकानात असली वस्तू मिळणं शक्य नव्हतं. सोसेफो डोकं खाजवत उभा राहिला आणि एकदम ओरडला, "माझा ग्राइंडर!" तीन वर्षं त्याच्या पडवीत पडलेल्या जळक्या ग्राइंडरमध्ये दोन कार्बन जसेच्या तसे होते. फक्त थोडे जाड. कालोलाईने व्हरांड्यात बसली, पॉलिशपेपर मांडीवरच्या फळीला ताणला आणि घासायला लागली. चार घास घासायचे, खोक्यात सरकवून बघायचं, पुन्हा चार घास. घट्ट बसला तर अडकेल, ढिला बसला तर हलेल. मनगट ठणकायला लागलं तसा तिनं हात बदलला. उजेड जाईपर्यंत एक झाला. दुसरा अगदी बसत आला आणि कट्कन दुभंगला.

दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन बसून राहिली. दूरच्या बेटांवरून माणसं उद्या होड्यांत बसणार होती आणि आपण मेट्रनसमोर बापाचं नाव घेऊन बसलो, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी सकाळी ती स्वतः पाद्रीबाबांच्या दारात जाऊन उभी राहिली. चर्चच्या कपाटात एक ड्रिल होतं हे तिला माहीत होतं.

"ड्रिल चर्चचं आहे, कालोलाईने," पाद्रीबाबा अडखळत म्हणाले. "कमिटीला विचारायला हवं."

"डोळेही चर्चच्याच माणसांचे आहेत, बाबा. कमिटीतलेच तीन जण यादीत आहेत. त्यांना विचारायचं तर आधी त्यांना तुम्ही दिसायला तरी हवेत."

पाद्रीबाबांना हसू आवरेना. ड्रिल मिळालं. त्यातला कार्बन जवळजवळ मापाचाच निघाला. यावेळी तिनं घाई केली नाही. सोसेफो घड्याळाकडे बघत येरझारा घालत होता, तर तिनं त्याला भांडी घासायला पाठवलं. साडेदहाला कार्बन खोक्यात घातला, तर स्प्रिंगच्या जोरानं अलगद सरकला, अलगद परत आला. मोटर वर चढली, पट्टा चढला, पत्रा लागला.

"रिकामंच चालवायचं आधी," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

मागच्या फटीतून निळ्या ठिणग्या दिसल्या आणि जळका वास आला. सोसेफो प्लगकडे झेपावला.

"हात लावू नकोस!" ती ओरडली. "नवा जोडा पायात बसेपर्यंत चावतोच. हा वास कोळशाचा आहे, तारेचा नाही."

ती नाक फुलवून उभी राहिली. ठिणग्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. ड्रम हळू हळू डुलत होता. पाणी आलं, पाणी गेलं. दोघांनी श्वास रोखला. ड्रमनं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, मग आवाज चढत गेला, चढत गेला, खिडकीतला सोन्याचा दात थरथरत खाली पडला आणि अख्खी खोली गुरगुरू लागली.

"फिरलं!" सोसेफोनं तिला खांद्याला धरून गदगदा हलवलं. "वहिनी, फिरलं गं!"

कालोलाईने त्या गोल काचेसमोर उभी राहून मोठ्यानं हसली आणि मग दोन्ही हात पसरून, मनगटं वळवत, मशीनच्याच तालावर नाचायला लागली. दारात मेट्रन येऊन उभ्या राहिल्याचं तिला कळलंच नाही.

"पावणेबारा झाले," मेट्रन म्हणाल्या.

"डॉक्टरांना फोन केलात?" ती नाचता नाचता थांबली.

"आता करायला निघाले होते."

"करा की. सांगा, लवकर या म्हणावं. कपडे तयार आहेत."

मेट्रनबाईंनी, ज्यांना दवाखान्यात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी पर्समधून दहा पांगाची नोट काढली आणि नाचणाऱ्याचा मान करतात तशी तिच्या घामेजल्या दंडावर चिकटवली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा घाणे निघाले. पिळून निघालेलं कापड इतकं कोरडं की शाळेच्या हॉलमध्ये पंख्यांखाली टाकलं तर रविवारच्या प्रार्थनेपर्यंत सुकलं. सोमवारी डॉक्टर आले. चार दिवस मशीन सकाळपासून गुरगुरत राहिलं आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांचे डोळे झाले. मेट्रनबाईंच्या निरोपावरून महिन्याभरानं नुकुआलोफाचा मेकॅनिक खरे कार्बन घेऊन आला. मागचा पत्रा उघडून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे कशाला काढू? अजून वर्षभर चालतील." आणलेले कार्बन मात्र कालोलाईनेनं पावतीवर सही करून त्याच्याकडून ठेवून घेतले.

पण ते नंतर. गुरुवारी पाऊस थांबला होता, आणि ती धुतलेली हिरवी कापडं मागच्या दोरीवर घालत होती. पट्टी काढलेली एक म्हातारी नातवाचा हात सोडून, एकटीच, हळूहळू गवतातून चालत आली. दोरीपाशी थांबली आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडांकडे तोंड वर करून बघत राहिली.

"केवढं हिरवं!" ती म्हणाली. तिनं हात पुढे केला.

"आजी, हात नको लावूस हं," कालोलाईने तोंडातला चिमटा काढून म्हणाली. "धुतलेलं आहे. बघ किती बघायचं ते."

आणि म्हातारीला नीट दिसावं म्हणून दोरीवरची घडी तिनं जरा उलगडून दिली.