कमी वजनाची लेक आणि आम्ही लपवलेलं आयव्हीएफ

"फीटल ग्रोथ रिस्ट्रिक्शन," सोनोग्राफीच्या पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे पोटात बाळाची वाढ हवी तशी होत नाही. आठवा महिना सरत आला होता. मालाडच्या त्या थंडगार खोलीत माझ्या मनात पहिला विचार बाळाचा आला नाही, हे लिहितानाही लाज वाटते. वाटलं, आता चौकशा होणार आणि आईंना सगळं कळणार.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. हे बाळ आयव्हीएफचं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडलेलं, हे त्यांना माहीत नव्हतं. घराजवळ, गोरेगावात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आम्ही बोरिवलीचं सेंटर गाठलं. फ्रिजमधली इंजेक्शनं 'व्हिटॅमिनची' होती. आपल्याला आपोआप दिवस राहत नाहीत याची मला इतकी शरम वाटायची, की नितीनला, माझ्या नवऱ्याला, मी शपथच घातली होती.

सिझर झालं. मुलगी. वजन दोन किलोच्या आत. तिला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. मी तिला काचेतूनच पाहिलं.

"आयव्हीएफमुळे झालं का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तुमचा एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, ताजाच सोडला होता. अशा बाळांचं वजन सरासरीने थोडं कमी भरतं. गोठवून नंतर सोडलेल्या गर्भांची बाळं उलट जरा मोठी असू शकतात. आधीच्या हार्मोन्सच्या इंजेक्शनांचा गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम होत असावा. पण ही सरासरी झाली. तुमच्या बाळाला वारेतून रक्त कमी मिळत होतं, ते नेमकं कशामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमची काही चूक नाही."

हायसं वाटायला हवं होतं. पण बाई म्हणून आपण पहिल्यापासून नापासच, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

बाहेर बाकावर आई रडत होत्या. "माझ्यामुळेच झालं गं हे," त्या म्हणाल्या. आमच्याकडे शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईला हात राखून वाढतात. बाळ फार मोठं झालं तर बाळंतपण अडतं, अशी समजूत. मी आणखी चपाती मागितली की आई 'पुरे आता' म्हणायच्या. "पोटुशीला उपाशी ठेवलं मी. माझी अक्कलच गहाण पडली होती."

मी गप्प बसले असते तर दोष त्यांच्या माथी गेला असता आणि मी सुटले असते. क्षणभर मला ते सोयीचं वाटलं. आजही त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

"आई, बाळ आयव्हीएफचं आहे," मी म्हटलं. डॉक्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आणि ती व्हिटॅमिनची इंजेक्शनं?"

"ती त्याचीच. पोटावर घ्यायची असतात."

"कोण द्यायचं?"

"मीच."

"वेडी आहेस का गं? मी घरातच होते ना!"

नंतर डॉक्टरांनी त्यांनाही समजावलं, की गरोदरपणी पोटभरच खायला हवं, पण वारेतलं रक्त काही चपात्यांमुळे आटलं नव्हतं.

वजन वाढल्यावर लेक घरी आली. आमच्या बुद्धविहारातल्या बायका बघायला आल्या. "एवढीशी कशी गं?" एकीने विचारलं.

"आयव्हीएफची आहे," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सुनेने स्वतःच्या हाताने पोटात सुया टोचून घेतल्यात. तुला जमेल?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पाण्याचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग त्यांच्यातलीच एक आली, लग्नाला सहा-सात वर्षं झालेली. ओट्याशी उभी राहून तिने एकदा दाराकडे पाहिलं.

"ताई," ती कुजबुजली, "कुठल्या सेंटरला गेली होतीस गं?"

मीही कुजबुजतच सांगायला लागले. मग थांबले, आणि नेहमीच्या आवाजात पहिल्यापासून सांगितलं.