दवाखान्यात मी वाटलेले पत्ते

आता ही फजिती सांगायची म्हणजे आधी बायकोचं कौतुक करावं लागणार, इलाज नाही. सुजाता कोल्हापुरातल्या एका दवाखान्याचं सगळं नेटवर्क एकटी सांभाळते. मी कॉलेजात नेटवर्किंग शिकवतो. घरात कोण कुणाला शहाणपण शिकवत असेल, सांगा बघू?

त्या सकाळी सासूबाईंना तपासणीला तिथंच घेऊन गेलतो. वेटिंग हॉलमध्ये वायफाय यथातथाच. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मालिका अडकाय लागलीय की."

आता जावयानं गप्प बसायचं? गाडीत घरचा जुना राउटर पडलेला. आणला, भिंतीतल्या नेटच्या पॉइंटला जोडला. मालिका पळायला लागली. मी कॉलर ताठ करून बसलो.

थोड्या वेळानं नोंदणीच्या काउंटरवर गलका. एकेक कॉम्प्युटर सर्व्हरपासून तुटत चाललेला. केसपेपर निघेना. गडहिंग्लजहून आलेला एक बाप पोरीला कडेवर घेऊन मला म्हणाला, "पावणं, पोरगी तापानं फणफणलीय. किती येळ लागंल?"

मी सुजाताला फोन लावला.

सुजाता आली. आधी नर्सला म्हणाली, "सिस्टर, हिचं नाव हातानं लिहून घ्या, पोरीला आत न्या." मग कीबोर्डकडं वळली.

मी मागं उभा राहून ज्ञान पाजळलं, "डीएनएस गेलाय. नावावरून पत्ता शोधून देणारा. शंभर टक्के."

"नावाचं काय न्हाय. कॉम्प्युटरांना नेटवर्कवरचा पत्ताच चुकीचा मिळालाय," ती मान न वळवता म्हणाली. सिस्टरांना काही कळेना, तर त्यांना म्हणाली, "कॉम्प्युटर चालू झाला की हाक मारतो, मला कुणीतरी पत्ता द्या. मग डीएचसीपी त्याला पत्ता देतो, बाहेर जायची वाटही सांगतो. आपल्याकडं हे काम एकाच यंत्राचं. आज दुसरंच कुणीतरी आधी ओ देऊन भलती वाट दाखवतंय."

वा! हेच सांगताना माझा अख्खा वर्ग झोपतो हो.

"कुठला आगाऊ माणूस असेल हा?" मीच चिडून विचारलं.

ती केबलचा माग काढत निघाली, मी तिच्या मागं. केबल वेटिंग हॉलमध्ये माझ्याच राउटरपाशी येऊन थांबली. घरचा राउटरही पत्ते वाटतो, हे मीच वर्गात शिकवतो! तिनं केबलला हात घातला, तशा सासूबाई म्हणाल्या, "जपून गं, जावईबापूंनी लावलंय ते."

सुजातानं माझ्याकडं बघितलं. केबल उपटली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केले, तसे काउंटर सुरू झाले. तोवर पोरीला डॉक्टरांनी तपासलंही होतं.

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्ही कॉलेजात काय शिकवता?"

मी तोंड उघडायच्या आत सुजाता म्हणाली, "इतिहास."

मी मान डोलावली.