पसाऱ्याची यादी

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची भाची सिनेमा काढत होती. सोळा वर्षांची मुलगी घरच्यांशी भांडते, क्लास बुडवते, सिगारेट ओढते, शेवटी घर सोडते, अशी गोष्ट. त्या मुलीसाठी खोली शोधत ती आमच्याकडे आली, माझ्या मुलीच्या खोलीचं दार उघडलं आणि देवळात आल्यासारखी उंबऱ्यावर थांबली.

"काकू, इथलं काहीही हलवू नका," ती म्हणाली.

पसाऱ्याला एवढा मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला. माझी मुलगीही सोळाचीच. त्या दिवसांत ती ताट खोलीत नेऊन जेवायची आणि माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलायची, त्यातले दोन "दार लाव". खोली द्यायला ती तयार झाली, पण अट घातली: शूटिंग संपेपर्यंत आईने आत पाऊल टाकायचं नाही.

"आणि मले काय भेटन?" मी विचारलं.

"मी तुझ्यासोबत जेवीन."

सौदा चांगला होता. मी कबूल केलं.

पहिला दिवस नीट गेला. मे महिना, आवाज येतो म्हणून कूलर बंद. सिनेमातली आई सिनेमातल्या मुलीवर घसा फोडून ओरडत होती आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकत होते. बाई जोरदार होती, पण मुद्दे विस्कळीत.

दुसऱ्या दिवशी शूटिंगला सुट्टी. नवरा खापरखेड्याला ड्युटीवर, मुलगी क्लासला. बंद दारातून ओल्या टॉवेलचा वास येत होता. मला फक्त टॉवेल उचलायचा होता. अडीच तासांनी त्या खोलीत मुलगी दाखवायचा कार्यक्रम करता आला असता.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शिका आत गेली आणि लगेच बाहेर आली. "काकू, अर्धा सीन त्या पसाऱ्यात झाला आहे हो. आता ही मुलगी घर कशाला सोडेल?"

माझी मुलगी दारात उभी होती. "तू आत गेली," ती मला म्हणाली. "जेवण कॅन्सल."

मी फ्रिजवरची वही आणली. आवरायच्या आधी कुठली वस्तू कुठे होती ते लिहून ठेवायची माझी जुनी सवय आहे. नाहीतर "माझं अमुक कुठं ठेवलं" यावर घरात निकाल लागत नाही. सत्तेचाळीस नोंदी होत्या. मुलगी वाचू लागली, आम्ही मांडू लागलो.

"पायमोजा एक, खिडकीच्या कडीवर. इअरफोन, बुटात. पोह्यांची बशी, वाळलेली, फिजिक्सवर. बशी धुतली का?"

"धुतली."

"काकू, पोहे टाका," दिग्दर्शिका म्हणाली.

एकतिसाव्या नोंदीवर मुलगी थांबली. ती तिने वाचली नाही. मला बाजूला घेतलं आणि वही माझ्यापुढे धरली. अक्षर माझंच: गादीखाली सिगारेटचं पाकीट, दोन शिल्लक, परत तिथेच ठेवलं.

"मग बोलली काहून नाही?" तिने हळूच विचारलं.

"आत यायची परवानगी नव्हती न. कोणत्या तोंडानं बोलू?"

ती हसली नाही, पण नाकपुड्या फुगल्या. हसू दाबताना तिच्या बापाच्याही फुगतात. ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बत्तीस. टिकल्या, आरशावर."

संध्याकाळी शूटिंग आटोपलं. मी सवयीने तिचं ताट वेगळं वाढलं. ती ते घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि एक कागद पुढे सरकवला. पंखा, पुसायला. ओला टॉवेल. दार, वाजवून.

"एवढ्यालेच हात लावायचा," ती म्हणाली.

"आणि गादी?"

"गादीचं मी पाहीन."

"कधीपर्यंत?"

"जेव न वं आई."

मी जेवले. कागद फ्रिजवर लावला आहे. दर रविवारी मी धुतलेली चादर तिच्या दाराबाहेर ठेवते, दार वाजवते आणि तिथून निघून जाते.