मनगटावरच्या दोन रेघा

म्हाळसाबाईंना अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र पक्के येत. चाळीस वर्षं मेंढरं मोजलेली. कळपात एक कोकरू कमी असलं तरी त्यांना लांबून कळायचं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला आणि मुलानं, बिरुदेवनं, पुण्याहून ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं, ते समजायला त्यांना अर्धा दिवसही लागला नाही. "आकडा पन्नासच्या खाली गेला की घरात थांबायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढं त्यांनी मनात बसवलं.

यंदा घड्याळाची बॅटरी दुपारपर्यंत टिकेना, फोनही मध्येच थिजायला लागला. बिरुदेवनं दोन्ही नवे पाठवले. बुधवारी संध्याकाळी सून रुपाली जुन्या फोनातलं सगळं नव्यात घ्यायला बसली. नव्वद टक्क्यांवर गाडी अडली ती अडलीच. दोन तासांनी वैतागून तिनं जुन्याचं सिम काढून नव्यात घातलं. नंबर आले, झालं!

झालं कसलं? जुन्या फोनात प्रत्येक नावापुढे माणसाचा फोटो होता. म्हाळसाबाई फोटोवर बोट ठेवून फोन लावायच्या. सिममधून नुसती नावं आली, फोटो मागं राहिले. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी शाळेत शिकवायला निघताना रुपालीनं नवं घड्याळ सासूच्या डाव्या मनगटावर बांधलं.

"मी उजव्या हातात घालती की," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"उजव्या हातात कोण घालतं, आत्या? तेव्हा दवाखान्यात डाव्या हाताला सलाईन होतं, म्हणून तिकडं घातलेलं." आणि जुना फोन विकायला पर्समध्ये टाकून ती गेलीसुद्धा.

दुपारी म्हाळसाबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. मनगटावर घड्याळ मुंगी चावल्यासारखं थरथरलं. बघतात तर अडतीस.

सूप खाली ठेवलं. पाणी प्यायल्या. चव्वेचाळीस. परत अडतीस. छातीत दुखत नव्हतं, पण कोंडीबांच्या तरी कुठं दुखत होतं? त्यांचा नवरा दवाखान्यात बोलता बोलता गेला होता. उशाशी पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती, ती आडवी झाली.

त्यांनी पुन्हा मनगट वळवलं. आकडा नव्हता. दोन आडव्या रेघा होत्या.

फोन उचलला. सगळी नावं सारखी, मुंग्यांची रांग. कुणाचंच तोंड दिसेना. एकावर बोट ठेवलं तर कुणी बाई गॅस सिलिंडरसाठी एक दाबा, दोन दाबा म्हणू लागली. खालचे घरमालक अक्कलकोटला दर्शनाला गेलेले. हाक मारावी तरी कुणाला?

जुना फोन रुपालीनं गुफरानच्या दुकानात दिला असणार. गल्लीच्या टोकाला तेवढं एकच मोबाईलचं दुकान. म्हाळसाबाई उठल्या. जिन्याच्या एकेका पायरीवर थांबून, मनगट कानाशी धरून उतरल्या. घड्याळ काही बोललं नाही. पेठेतली शंभर पावलांची ती गल्ली. भिंत धरून चालताना त्यांना एकच वाटत होतं, रस्त्यात पडू नये. पडले तर लोक फोन बघतील, आणि त्यात कुणाचाच चेहरा नाही.

"गुफरान, माझा फोन पुसलास का रं?"

"अजून नाही, आजी. चार्जिंगला लावलाय. बसा ना, घाम किती आलाय!"

"बिरुदेवला लाव. माझं काळीज बंद पडलंय. बघ, रेघा आल्यात."

गुफरान हसला नाही. आधी त्यानं त्यांच्या गळ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवली, दुकानातल्या घड्याळाकडे बघत मनात मोजलं. मग मनगटावरचं नवं घड्याळ जरा उचलून त्याच्या खाली पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्याखाली लग्नाआधी जत्रेत गोंदवून घेतलेली तुळस, दाट, हिरवी-काळी, मनगटभर.

"हे गोंदण आडवं येतंय, आजी. दिव्याचा उजेड आत जातच नाही, मग ठोका दिसणार कसा? आणा तो हात."

उजव्या मनगटावर थोडा वेळ रेघाच. मग शहाण्णव.

"लई हाय की!"

"जिना उतरून, घाबरून आलात ना. बसा, खाली येईल. पण आज डॉक्टरला दाखवून घ्या. आणि भाभींना सांगा, जुना फोन आठ दिवस घरातून हलवायचा नाही. सगळं आलं का ते ज्याचा फोन त्यानं बघायचं."

"आदी माझी मानसं हिकडं आन. मग काय पुसायचं ते पूस."

तो जुन्यातले फोटो नव्यात घेत बसला. म्हाळसाबाई कधी घड्याळाकडे बघत, कधी पडद्याकडे. ब्याऐंशीवर आकडा आला तेव्हा रुपालीचा चेहरा उगवला. त्यांनी लगेच बोट ठेवलं.

"काय झालं, आत्या? बरं वाटत नाही का?"

"लागतंय का बघत हुते," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तू ये. लवकर ये."

उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी डाव्या मनगटावरच्या तुळशीवर घट्ट दाबून धरली होती, खालचा ठोका चाचपत. गुफराननं पुढं केलेला चहा घ्यायलाही ती त्यांनी उचलली नाहीत.