गिरणाकाठच्या कळपात माझी घोडी

पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी माझी घोडी भडगावला थोरल्या भावाच्या कळपात आणली. ती गाभण असण्याची शक्यता होती. खात्री नव्हती.

धुळ्यात भाड्याच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून मी तिला सांभाळली होती. बदली जळगावला झाली आणि मिळालेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. भावाकडे गिरणा नदीच्या काठी वाडगं, म्हणजे जनावरांचं कुंपणाचं आवार, आहे. वरातींसाठी ठेवलेल्या चार घोड्या आणि एक नर आहे.

उन्हाळ्यात मी तिला शिरपूरकडचा घोडा दाखवला होता. घोडी ज्याच्या दारात असताना लागली, म्हणजे गाभण राहिली, शिंगरू त्याचं, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. आत्ताच गाभण असली तर शिंगरू माझं. नसली, किंवा नराच्या त्रासाने तिने गर्भ टाकला आणि पुढे त्याच्यापासून लागली, तर भावाचं.

टेम्पोतून उतरवताच भावाने तिच्या गळ्यातली मण्यांची माळ काढली. ती मी खास करून घेतली होती.

"नवी नवरी नको दिसाले," तो म्हणाला. "बाकीन्या घोड्या चावतीन."

मग ज्या गोणपाटाने तो त्याच्या म्हाताऱ्या घोडीचं अंग पुसतो, तेच त्याने माझ्या घोडीच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत घासलं. नव्या घोडीला कळपाचा वास लागला पाहिजे, ही त्याची पद्धत. माझ्याकडे खरारा करताना ती पाय आपटायची. त्याच्यापुढे ती स्थिर उभी राहिली.

वहिनी दारातून म्हणाली, "देखा भाऊ, घोडी सासरले उनी!"

"तिचं सासर शिरपूरला आहे," मी म्हणालो.

भाऊ हसला. "ते पोट सांगी."

वाडग्याच्या मधोमध बांबूची आड घातलेली होती. भावाने नर पलीकडे आणला. नराने मान कमानीसारखी केली आणि खिंकाळला. माझ्या घोडीने कान पुढे केले, नाक आडेजवळ नेलं. दोघांच्या नाकपुड्या भिडल्या. मी दोर आवळला.

"ढील दे. तुले इचारीसन ठरवी का ती?"

मी दोर सैल सोडला. ती किंचाळली, वळली आणि मागचे दोन्ही पाय तिने आडेवर झाडले. एक बांबू तडकला. नर मागे सरला. गाभण घोडी नराला अशीच झटकते.

"गाभण शे वाटतं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

तरीही गुरांचे डॉक्टर येईपर्यंत नर लांब निंबाखाली बांधायचा, हे त्यानेच ठरवलं. माझी घोडी फक्त बाकीच्या माद्यांमध्ये सोडली. म्हाताऱ्या घोडीने तिला एकदा चावून पाहिलं, मग गव्हाणीपाशी जागा दिली.

माझा भावावर भरवसा नव्हता. जळगावहून मी रोज दुपारी फोन करायचो आणि निंबाखाली बांधलेल्या नराचा फोटो मागायचो. तो रोज पाठवायचा. फोटोत नर बांधलेलाच असायचा. मागे माझी घोडी असायची, कधी म्हातारीच्या पाठीला पाठ लावून, कधी वहिनीच्या हातची भाकरी खाताना. भाकरी धुळ्यात ती हुंगून सोडून द्यायची.

"फोटो नरना मांगस, का तिना?" एकदा भावाने विचारलं. मी फोन ठेवला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घोडी गाभण आहे आणि गर्भ उन्हाळ्यातला आहे. भावाने त्याच संध्याकाळी फोन करून कळवलं. म्हणाला, "शिंगरू तुन्हं." नंतर त्याने स्वतः दोर धरून नर हळूहळू कळपात आणला. माझी घोडी पाय झाडायची आणि नर लांब राहायला शिकला.

पुढच्या सुट्टीला मी भडगावला गेलो. वाडग्याच्या फाटकात उभा राहून धुळ्यात घालायचो तशी शीळ घातली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात पलीकडे भावाने हरभऱ्याचा डबा वाजवला. ती त्याच्याकडे गेली. नर तिच्यामागे गेला, अंतर ठेवून.